पाणी दोन्हीकडे सारखं

कोल्हापूर,
रविवार, १० नोव्हेंबर २००२

तीर्थस्वरूप आक्का यांस,
झुंबरचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिलं होतं, मग तो कागद फाडला. हा दुसरा कागद.

अकरा वर्षांत भावजयीची एक ओळ नाही आणि आज ज्ञानू कंडक्टर एकदम पाकीट हातात ठेवतोय, म्हणजे कुणीतरी गेलं असं तुम्हाला वाटेल. कुणी गेलेलं नाही. तुमचे भाऊ बरे आहेत. त्यांच्या डोळ्यांचं कानावर आलंच असेल. काचबिंदूनं दोन्ही गेले, त्यालाही सहा वर्षं झाली. तरी जाखूबाईची सकाळची आंघोळ अजून स्वतःच घालतात, हातानं चाचपत. देवीच्या नाकाचा कोपरा कुठं झिजलाय हे त्यांच्या बोटांना माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे.

फोन करता आला असता. तुमच्या शेजारच्या चांदीच्या कारखान्यात फोन आहे हे मला माहीत आहे. पण तिथं आठ-दहा जण पैंजणांना घुंगरं जोडत बसलेले असणार, आणि हे दहा जणांत बोलायचं नाही.

अक्षता यंदा दहावीला ना? गेली तेव्हा चार वर्षांची होती. निघताना देवळातली घंटा वाजवायची म्हणून रडत होती, उचलून घे म्हणत होती. मी उचललं नव्हतं. हे का आठवलं कोण जाणे.

तुम्ही लावलेली तगर आता देवळाच्या पत्र्याला टेकली आहे. बारमाही फुलते. देवीच्या कौलाला तिच्याच पाकळ्या लागतात, दुसरी फुलं तुमच्या भावाला चालत नाहीत.

आता मुद्द्याचं लिहिते. माझी श्रुती तुम्ही पाहिलेली नाही. नऊ वर्षांची आहे, बोलायला तिखट. शाळेचा जिना चढताना मधेच थांबते आणि बुटाची नाडी बांधायला वाकते. मला वाटायचं, पोरीला नाडी नीट बांधता येत नाही. दिवाळीच्या आधी मी चिडून गाठीवर गाठ मारून दिली, तरी वाकली. तेव्हा कळलं, तिला दम लागतो आणि तो मैत्रिणींना दिसू नये म्हणून ती नाडी बांधायचं सोंग करते.

डॉक्टर म्हणाले, काळजाला जन्मापासून भोक आहे. ती लगेच विचारते, "मग त्यातनं काय सांडतंय का?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. फुप्फुसांवर ताण यायला लागलाय, आत्ताच शिवलं तर वेळेत होईल, वर्षभर थांबलात तर मग ऑपरेशनही करता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. छाती उघडणार. काळीज थोडा वेळ थांबवणार. शंभरातली काही मुलं परत येत नाहीत, हेही सांगितलं. पुण्याचे मोठे डॉक्टर शुक्रवारी येतात. मंगळवारी संध्याकाळपर्यंत आमचं हो की नाही कळवायचं आहे.

मला तिथल्या तिथं सही करायची होती. तुम्ही मला ओळखता. भात शिजला की नाही हे दुसऱ्यानं सांगितलं तरी मी झाकण काढून बघणार. आपला हात जगन्नाथ. पण हे म्हणाले, "आईला इचारू. मंगळवारी कौल लावू."

मी म्हटलं, "आणि आई न्हाय म्हणाली तर?"

"तर न्हाय."

"अहो, लेक हाय आपली."

"तिनंच दिल्या. मी आजवर घरातला खिळासुद्धा तिला इचारल्याबिगर मारला न्हाय, झुंबर. आणि आता लेकराची छाती फाडताना इचारू नको म्हणतीस?"

तेव्हापासून जेवण जात नाही. श्रुती झोपली की तिच्या छातीवर हात ठेवून बसते, आणि हात काढायची भीती वाटते.

आपल्या घरची रीत तुम्हीच मला शिकवली होती. ज्याचा प्रश्न, त्याचा हात नको. श्रुतीच्या प्रश्नाला मी किंवा ह्यांनी देवीच्या खांद्यांवर पाकळ्या लावून चालत नाही. घरात तिसरं कोण आहे? ह्यांनीच काल नाव काढलं, "आक्काला बोलीव." अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणून हे पत्र. मंगळवारी सकाळी सातच्या गाडीनं या. पाकळ्या तुम्ही लावा.

पत्र इथं संपायला हवं होतं. खाली सही करून पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडलं.

आक्का, मला तुम्ही रीतीसाठी नकोत. मला तुम्ही हव्यात ते उजवीकडची पाकळी पाडायला.

तुम्ही गुरवाची लेक. दगडावर कुठली पाकळी का टिकते हे तुम्हाला सांगायला नको. पाकळी पुरती भिजली की दगडाला धरून बसते. नुसतं बोट ओलं करून लावली तर वाळते आणि सुटते. उजवीला पाणी कमी, डावीला जास्त, की उजवी आधी पडणार आणि देवी हो म्हणणार. उलट केलं की उलट.

मला हे कुणी शिकवलं नाही. माझं मीच शोधलं आणि अकरा वर्षं करत आले. धोंडुबाई नवऱ्याच्या खोकल्याला उपास धरू का म्हणून विचारायला आली, मी डावी पाडली आणि म्हटलं, देवी नको म्हणते, दवाखान्यात न्या. क्षयाचा खोकला निघाला, औषधानं माणूस बरा झाला. एकानं लेकीची शाळा बंद करू का विचारलं, मी डावी पाडली. पोरगी आता नर्सिंगला आहे. तुमचे भाऊ हात जोडून, डोळे मिटून उभे असायचे. पुढं तर मिटायला डोळेच राहिले नाहीत. कुठली पडली ते मी सांगायचं आणि त्यांनी मान डोलवायची. लोक म्हणायचे, जाखूबाई बोलती हाय. मी मनात म्हणायची, बोलते खरी, पण कोण ते विचारू नका. मला त्यात पाप वाटलं नाही. देवीपेक्षा माणसांची नड मला जास्त कळते, असंच वाटायचं.

पण ते सगळं नंतरचं. पहिल्यांदा केलं ते तुमच्या वेळेला.

एक्क्याण्णव साली भावोजी गेल्यावर तुम्ही अक्षताला घेऊन माहेरी आलात. सहा महिन्यांत देवळात तुमचा शब्द, चुलीपाशी तुमचा शब्द. आल्यागेल्यानं विचारायचं ते आक्काला. माझ्या लग्नाला पाच वर्षं झालेली, मूल नाही, मी आपल्याच घरात पाव्हणी झाल्यासारखी. तुम्ही मला एकदाही टाकून बोलला नाहीत, त्याचाच जास्त राग यायचा. मग तुमच्या चुलतसासऱ्यांचा हुपरीहून निरोप आला, घुंगरं जोडायला माणूस पाहिजे, खोली देतो. तुम्हाला जायचं नव्हतं. ह्यांनी कौल लावला, आक्कानं हितंच ऱ्हावं का? तुमचा प्रश्न म्हणून तुमचा हात नको. त्या दिवशी पाकळ्या पहिल्यांदा माझ्या हातात आल्या.

उजवी मी पुरती भिजवून लावली. डावीला नुसतं बोट.

डावी पडली. तुम्ही पदर सावरलात, देवीला म्हणालात, "बरं आई," आणि ट्रंक भरायला गेलात. एक शब्द विचारला नाहीत.

डॉक्टरांनी काळजाला भोक म्हटल्याबरोबर मला पहिल्यांदा तुम्ही आठवलात. डॉक्टर म्हणाले, यात आईबापाची काही चूक नसते. त्यांना काय ठाऊक. चोराच्या मनात चांदणं.

मला क्षमा मागायला तोंड नाही. मागतही नाही. माझ्या लेकीसाठी एवढंच मागते, की जे मी तुमच्या वाईटासाठी केलं ते तुम्ही तिच्या भल्यासाठी करा. मंगळवारी या. उजवीला पाणी कमी लावा. माझ्यानं आता व्हायचं नाही. आणि तुम्ही नाही केलं तर काय, याची मला मरणाची भीती वाटते.

तुमची,
झुंबर


कोल्हापूर, हॉस्पिटलातून,
शुक्रवार, १५ नोव्हेंबर २००२, सकाळी

तीर्थस्वरूप आक्का यांस,
झुंबरचा नमस्कार. आज पाया पडते असं लिहवत नाही, त्याला अंगी थोडी लायकी लागते.

श्रुतीला साडेआठला आत नेलं. आता सव्वादहा झालेत. हे समोरच्या बाकावर बसले आहेत, माझ्यापासून लांब. ज्ञानू साडेअकराच्या गाडीला जाण्याआधी इथून जाईन म्हणालाय. तेवढ्यात लिहून व्हायला हवं.

सोमवारी संध्याकाळी ज्ञानू तुमचा निरोप घेऊन आला. मी त्याला दारातच धरलं. म्हटलं, चिठ्ठी कुठाय? म्हणाला, "चिठ्ठी न्हाय दिली वयनी. आक्कांनी पत्र वाचलं, चुलीत घातलं आणि म्हणाल्या, तिला म्हणावं, मी येत न्हाय. तुझ्याच हातानं लाव. रीतीचं मी बघती. पाणी दोन्हीकडं सारखं."

मी विचारलं, "चिडल्या होत्या?"

"तसं काय दिसलं न्हाय. मला च्या दिला की."

"आणि काय म्हणाल्या?"

"येवढंच. आणि मला तीनदा म्हणून दाखवायला लावलं, पाणी दोन्हीकडं सारखं. काय भानगड हाय वयनी?"

मी त्याला काही सांगितलं नाही. ह्यांना एवढंच सांगितलं, आक्का येत न्हाईत, मलाच लावायला सांगितलंय, रीतीचं त्या बघतील. पण आक्का, त्या घटकेला तुमचा इतका राग आला. स्वतः येत नाही, लबाडी करत नाही, शिव्यासुद्धा देत नाही. वर मला सांगता, तूच लाव. मला वाटलं, सूड घेताय. पोरीच्या जिवावर सूड. हेही लिहून टाकते, कारण तेव्हा खरंच तसं वाटलं.

मंगळवारी सकाळी श्रुतीला देवीसमोर बसवलं. ह्यांनी विचारलं, "आई, पोरीला डॉक्टरांच्या हवाली करू का?" आणि हात जोडून उभे राहिले. मी तगरीच्या दोन पाकळ्या तांब्यात बुडवल्या.

तुम्ही सारखं म्हणालात, पण सारखं कसं करायचं ते माझ्या हाताला येईना. उजवी लावली, ती जास्त ओली वाटली. काढली. डावी लावली, तिला पाणी कमी पडलं. पुन्हा काढली. अकरा वर्षं कमी-जास्तच केलं, हाताला तेवढंच ठाऊक. तीनदा लावल्या, तीनदा काढल्या. श्रुती म्हणाली, "आई, परत का काढतेस?" शेवटी दोन्ही एकदम बुडवल्या, एकदम उचलल्या, डोळे मिटून दोन खांद्यांवर टेकवल्या आणि मागं सरले.

मग मी बघत बसले. असली भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. आजवर कौल लावला की पुढं काय होणार ते मला आधी ठाऊक असायचं. लोक घाबरून बघायचे आणि मी भाजीला काय करायचं याचा विचार करायची. मंगळवारी पहिल्यांदा मला कळलं की ती माणसं देवळात येऊन काय सोसत होती. डावीचं टोक जरा हललं की मी अर्धी उठायची. वारा होता की पाल होती, देव जाणे. उजवीकडं बघून मनात म्हणत होते, पड गं बाई, पड. आठ वाजले. नऊ वाजले. श्रुती कंटाळून पायरीवर जाऊन बसली. दहा वाजले. एकही पडली नाही. दोन्ही वाळल्या आणि दगडालाच चिकटून राहिल्या.

ह्यांनी विचारलं, "कुठली पडली?"

आक्का, नुसतं "उजवी" म्हणायचं होतं. तीन अक्षरं. डोळे नसलेल्या माणसाला काय कळणार होतं? शब्द जिभेवर आला होता. आणि तुमचं ते "बरं आई" कानात वाजलं, देवीसमोर पदर सावरत म्हणाला होतात तसं.

मी म्हटलं, "दोन्ही हायत जागेवर. आई बोलत न्हाय."

आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. धोंडुबाईचं सांगितलं, शाळेतल्या पोरीचं सांगितलं, तुमचं सांगितलं. पाणी कसं लावत होते तेही सांगितलं. पायरीवर श्रुती ऐकत होती, तिच्यापुढंच.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आक्काचा कौल पण?"

"व्हय."

"तिनं काय वंगाळ केलतं तुझं?"

"काय न्हाय."

मला वाटलं, आता हात उचलतील. त्यांनी भिंतीला हात लावला आणि चाचपत देवीपाशी गेले. बोटांनी तिचे दोन्ही खांदे शोधले, नखानं हळूच दोन्ही पाकळ्या सोडवल्या आणि माझा हात धरून तळव्यावर ठेवल्या. म्हणाले, "अकरा वर्सं तू तिला बोलू दिलं न्हाईस, आज ती कशाला बोलंल? आणि मीबी येडा. दर गोष्टीला इचारतोय म्हंजी तिच्यावर सोपवलंय, असं समजत हुतो. खरं सोपवलं असतं तर उत्तर मागितलं असतं व्हय?" ते दाराकडं वळले. "पोरगी तिची हाय. चल, सही करून येऊ. जगंल का मरंल ते आता आपुन इचारायचं न्हाय."

तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. श्रुतीशी बोलतात, डॉक्टरांशी बोलतात. मी पाण्याचा पेला दिला की घेतात, तेवढंच.

सही मी केली. कागदावर काय काय होऊ शकतं ते सगळं छापलेलं होतं. एरवी मी शब्दान् शब्द विचारून डॉक्टरांना घामाघूम केलं असतं. या वेळी त्यांनीच विचारलं, काही शंका आहे का? मी नाही म्हटलं. मला धीर आला होता असं समजू नका. भीती आहे तेवढीच आहे, उलट वाढलीय. फक्त तिला धरून ठेवायला आता हातात काही नाही.

श्रुतीला आत नेताना तिनं स्वतःच नाड्या सोडल्या आणि बूट काढून माझ्याकडे दिले. म्हणाली, "आता नाडी बांधायचं सोंग नको ना करायला?" मी म्हटलं, नको. बरोबर सांगितलं की नाही, मला माहीत नाही. ते दार बंद झालं तेव्हा आत घुसावंसं वाटलं, निदान डॉक्टरांचे हात धुतलेत का ते बघायला. दाराशी उभी राहिले. मग परत येऊन बाकावर बसले. एवढंच मला जमलं, आक्का. बाकावर बसणं. पण तेही आयुष्यात पहिल्यांदा.

ज्ञानू आला. खाली थांबलाय.

क्षमा मागते. मागच्या पत्रात मागितली नाही, कारण तेव्हा मला तुमच्याकडून काम करून घ्यायचं होतं. आज काही नको आहे. उत्तरही नको. हे पत्र निकाल कळायच्या आधी जायला पाहिजे म्हणून घाई करतेय. दार उघडून कुणी हसत आलं, तर सुटले म्हणून लिहीन. वाईट आलं, तर शिक्षा झाली म्हणून लिहीन. दोन्हीकडून मी पाणी कमी-जास्त करणारच. आत्ता काहीच ठाऊक नाही, आत्ताच काय ते सारखं आहे.

त्या दोन पाकळ्या मंगळवारपासून पदराच्या गाठीत होत्या. पाकिटात घालते. वाळून एकसारख्या झाल्यात. यातली उजवी कुठली आणि डावी कुठली, ते आता मलाही सांगता येत नाही.

तुम्हाला तुमच्या घरातून काढणारी, आणि देवळातली ती घंटा अक्षताच्या हातून वाजेल का, हे आता कुणालाच न विचारणारी,

झुंबर